'एक्स्प्लोरेशन्स'चे पाच संपादक

वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथकाराला जागा असते, टीकाकाराला असते, प्रसंगी प्रकाशकालाही असते. नियतकालिकाच्या संपादकाची मात्र बहुधा तळटिपेवर बोळवण होते. त्याने स्वतः काय लिहिले याची नोंद होते. त्याने इतरांकडून काय लिहवून घेतले, कोणता लेख कोणत्या लेखाच्या शेजारी ठेवला, कोणत्या दोन माणसांना एकमेकांशी बोलावयास भाग पाडले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. संपादनाचे काम चांगले झाले की ते दिसेनासे होते आणि वाईट झाले तरच डोळ्यांत भरते, हे त्याचे एक कारण असावे. परंतु अशा अदृश्य कामातून कधी कधी एखादा विचारसंप्रदाय जन्मास येतो. आणि मग त्या संप्रदायाचे पितृत्व कोणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही.

कॅनडातील टोरांटो विद्यापीठातून १९५३ ते १९५९ या काळात निघालेले 'एक्स्प्लोरेशन्स' हे नियतकालिक या प्रश्नाचा विचार करण्यास फार सोयीचे आहे. संस्कृती आणि संज्ञापन यांचा अभ्यास हा त्याचा घोषित विषय. त्याचे एकंदर नऊ अंक निघाले. मुख्य संपादक एक आणि सहसंपादक चार अशी पाच जणांची नावे त्यावर असत. या पाचांपैकी मार्शल मॅक्लुहन हे नाव पुढे जगभर गाजले. दुसरे, एडमंड कार्पेंटर हे, मानवशास्त्राच्या अभ्यासकांना माहीत आहे. उरलेली तीन विशेषज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाहीत. हे नियतकालिक म्हणजे मॅक्लुहन यांच्या प्रतिभेची पहिली तालीम, असा समज त्यामुळे रूढ झाला. हा समज अंकांच्या पुराव्याला धरून नाही, असे आम्हांस वाटते. 'एक्स्प्लोरेशन्स'चे खरे कर्तृत्व पाच जणांच्या बैठकीत होते, आणि ती बैठक मोडल्यावर त्याचा जो एक अंक सर्वांत अधिक गाजला, त्यातच त्याच्या मूळ हेतूला सर्वांत मोठा धक्का बसला, असे आमचे प्रतिपादन आहे.

या नियतकालिकाची कथा हॅरल्ड इनिस या अर्थशास्त्रज्ञापासून सुरू करावी लागते. आणि इनिस यांच्या हाती तर त्याचा एकही अंक पडला नाही. नोव्हेंबर १९५२ मध्ये ते निवर्तले. कॅनडातील फरच्या व कॉड मासळीच्या व्यापाराचा इतिहास लिहून नावारूपाला आलेले हे विद्वान आयुष्याच्या अखेरच्या पर्वात एका निराळ्याच प्रश्नाकडे वळले होते. राज्ये टिकतात किंवा विस्तारतात ती कोणत्या लेखनसाधनाच्या आधारावर? दगड आणि भाजलेली माती टिकाऊ खरी, पण वाहून नेण्यास जड. ती काळावर मात करतात. पपायरस व कागद हलके. त्यांच्या बळावर दूरच्या प्रांतांवर हुकमत चालविता येते. 'एम्पायर अँड कम्युनिकेशन्स' (१९५०) आणि 'द बायस ऑफ कम्युनिकेशन' (१९५१) या ग्रंथांत त्यांनी हा विचार मांडला. प्रत्येक नवे साधन आपल्याबरोबर ज्ञानाची एक नवी मक्तेदारी आणते, हा त्यांचा इशारा होता. तो येथे मुद्दाम लक्षात ठेवावा. कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

त्याच विद्यापीठात इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या मॅक्लुहन यांनी मार्च १९५१ मध्ये इनिस यांना एक पत्र लिहिले. निरनिराळ्या शास्त्रांतील मोजक्या अभ्यासकांना नियमाने एक चक्रमुद्रित कागद पाठवावा आणि वरवर भिन्न दिसणाऱ्या विषयांच्या मुळाशी असणारे रूपसाम्य त्यातून दाखवावे, अशी कल्पना त्यात होती. ती बीजरूपच राहिली असती; पण १९५३ साली फोर्ड प्रतिष्ठानाकडून संस्कृती व संज्ञापन या विषयावरील चर्चासत्रासाठी ४४,२५० डॉलरांचे अनुदान मिळाले आणि त्या कागदाचे नियतकालिक झाले. १९५३ ते १९५५ अशी दोन वर्षे वेगवेगळ्या शाखांचे अध्यापक व पदव्युत्तर विद्यार्थी एकत्र बसत, वाद घालीत. आणि त्या वादांचा अर्क 'एक्स्प्लोरेशन्स'च्या पानांवर उतरे.

बैठकीतील पाच जण असे होते. मुख्य संपादक एडमंड कार्पेंटर हे मानवशास्त्रज्ञ. १९४८ पासून टोरांटोत अध्यापन करणारे आणि उत्तरेकडील साउदॅम्प्टन बेटावरील आयव्हिलिक लोकांत राहून आलेले. टॉम ईस्टरब्रुक हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक, इनिस यांच्या परंपरेतले आणि मॅक्लुहन यांचे तरुणपणापासूनचे स्नेही. कार्लटन विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ. जॅकलिन टिरिट या इंग्लंडमधून आलेल्या नगररचनाकार. पाचवे मॅक्लुहन, त्यांचे जाहिरातींच्या मीमांसेचे 'द मेकॅनिकल ब्राइड' हे पुस्तक १९५१ साली निघाले होते, पण त्याने त्यांना प्रसिद्धी अशी दिली नव्हती. अनुदान मिळाले त्या वेळी या पाचांत कोणीही पुढारी नव्हते, आणि ही गोष्ट आमच्या मते अनुदानाइतकीच महत्त्वाची होती.

आपण चिरकाल जपून ठेवण्याजोगी सत्ये साठवीत नसून शोधीत आणि प्रश्न विचारीत आहोत, अशी भूमिका या संपादकांनी सुरुवातीसच जाहीर केली होती. अशा भूमिका बहुतेक नियतकालिके पहिल्या अंकात घेतात आणि दुसऱ्या अंकात विसरतात. येथे ती पाळली गेली, याचे प्रमाण लेखकांच्या यादीत मिळते. मानवशास्त्रज्ञ एडमंड लीच यांचे कालाच्या प्रतीकरूपांविषयीचे दोन निबंध, जे पुढे त्यांच्या १९६१ च्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाले, ते प्रथम १९५३ व १९५५ साली येथे प्रसिद्ध झाले. साहित्यमीमांसक नॉर्थ्रप फ्राय, कलेतिहासकार सीगफ्रीड गीडियन, समाजशास्त्रज्ञ डेव्हिड रीझमन, बौद्ध दर्शनाचे भाष्यकार सुझुकी आणि हावभावांची भाषा अभ्यासणारे रे बर्डव्हिसल ही सर्व मंडळी या एका नियतकालिकात लिहीत होती.

तथापि नामांकित लेखकांची यादी म्हणजे संपादन नव्हे. संपादन दिसते ते लेखांच्या शेजारात. डोरोथी ली यांचा ट्रोब्रिअंड बेटावरील लोकांविषयीचा प्रसिद्ध निबंध घ्यावा. आपण झोपड्या वर्तुळात पाहिल्या की मनातल्या मनात त्यांना एका रेषेने जोडतो. कृती पाहिल्या की त्यांना कारण आणि कार्य यांच्या रेषेत बसवितो. ट्रोब्रिअंड लोकांच्या भाषेत व व्यवहारात ही रेषा नाही, असे ली म्हणतात. हा निबंध केवळ मानवशास्त्रज्ञांच्या हाती पडला असता तर त्यावर मानवशास्त्रीय चर्चा झाली असती आणि प्रकरण तेथेच मिटले असते. 'एक्स्प्लोरेशन्स'च्या संपादकांनी त्यावर रॉबर्ट ग्रेव्हज या कवीची टिपणी मिळविली. शास्त्रज्ञाच्या विधानाला कवीने उत्तर द्यावे आणि दोन्ही एकत्र छापावीत, यात आम्हांस केवळ कल्पकता दिसत नाही. एखाद्या विधानाची परीक्षा त्या शास्त्राच्या कुंपणाबाहेरच होऊ शकते, हा विश्वास दिसतो.

या बैठकीत विचार कसा घडत असे, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'श्राव्य अवकाश' ही कल्पना. मॅक्लुहन यांच्या नावावर आज जी संकल्पना सहज चढविली जाते तिचा उगम त्यांनीच पुढे सांगितला आहे. एका बैठकीत टिरिट या गीडियन यांचे अवकाशाविषयीचे विचार मांडीत होत्या: वास्तूने अवकाश वेढला जाणे ही इतिहासातील उशिराची घटना आहे, त्यापूर्वीची बांधकामे अवकाशात उभी असत, पण त्याला कवेत घेत नसत. मग न वेढलेल्या अवकाशाला म्हणावे तरी काय, असा प्रश्न निघाला. तेव्हा विल्यम्स यांनी मानसशास्त्रातील एक गोष्ट पुढे ठेवली. डोळा समोरचे पाहतो. कान मात्र सर्व बाजूंचे एकदम ऐकतो. ऐकण्याच्या अवकाशाला मध्य नाही आणि कडाही नाहीत. त्या एका वाक्याने चर्चेची दिशाच बदलली. नगररचनाकाराने वास्तूचा प्रश्न मांडला, मानसशास्त्रज्ञाने कानाचे उत्तर दिले, वाङ्मयाच्या प्राध्यापकाने त्यातून काव्य आणि मुद्रण यांच्या भेदाकडे झेप घेतली आणि मानवशास्त्रज्ञाने त्याला उत्तर ध्रुवाकडील लोकांच्या अनुभवाचा आधार दिला. हा विचार कोणाचा? प्रामाणिक उत्तर एकच: बैठकीचा.

जॅकलिन टिरिट यांच्याविषयी येथे थोडे अधिक लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते; कारण त्या या पाचांत सर्वांत अधिक उपेक्षित राहिल्या, आणि आपल्याकडील वाचकांशी त्यांचे नाते सर्वांत जवळचे आहे. पॅट्रिक गेडिस हे नाव इंदूर व वडोदरा येथील जुन्या मंडळींना अपरिचित नसावे. गेडिस यांनी १९१६ साली बडोद्याच्या आणि १९१८ साली इंदूरच्या नगररचनेविषयी अहवाल सादर केले. पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे ते पहिले प्राध्यापक झाले. त्यांचे हे हिंदी अहवाल दप्तरांत पडून राहिले असते. त्यांतील निवडक भागांचे 'पॅट्रिक गेडिस इन इंडिया' हे पुस्तक १९४७ साली संपादित करून प्रसिद्ध केले ते टिरिट यांनीच. संपादन हा त्यांचा स्वभावधर्म होता. दुसऱ्याचा विचार वाचनीय करून पुढे पाठवावा आणि आपण बाजूला उभे राहावे, हे त्यांनी आयुष्यभर केले. पुढे ग्रीसमधून निघणाऱ्या 'एकिस्टिक्स' या मानवी वसाहतींच्या नियतकालिकाचेही संपादन त्यांनी केले.

परंतु त्या केवळ वाहक नव्हत्या. १९५४ च्या आरंभी संयुक्त राष्ट्रांच्या वतीने दिल्लीत भरलेल्या गृहरचनाविषयक चर्चासत्राची सूत्रे त्यांच्याकडे होती. १९५५ साली 'एक्स्प्लोरेशन्स'च्या चौथ्या अंकात त्यांचा 'द मूव्हिंग आय' हा लेख आला. त्याचा विषय अकबराची फत्तेपूर सिक्री. युरोपातील नगररचनेस प्रबोधनकाळापासून एका ठरावीक बिंदूवर उभे राहून पाहण्याची सवय लागली आहे; रस्ता सरळ जातो आणि त्याच्या टोकाला एखादी भव्य इमारत नजरेला थांबविते. सिक्रीत असा एकमेव बिंदू सापडत नाही. तेथील चौकातून माणूस चालू लागला की इमारतींचे परस्परसंबंध बदलत जातात. प्रत्येक ठिकाणाहून दिसणारे दृश्य समतोल असते, पण कोणतेही अंतिम नसते. आराखड्याची रेघ ओढण्यापूर्वी गल्ल्यागल्ल्यांतून पायी हिंडावे, हा गेडिस यांचा आग्रह होता. त्यांच्या अहवालांशी वर्षानुवर्षे सहवास केलेल्या संपादिकेच्या नजरेस चालण्याची ही सवय तेथूनच लागली असावी, असे मानावयास जागा आहे. इंदुरातून आणि बडोद्यातून निघालेला एक धागा अशा रीतीने टोरांटोच्या बैठकीत जाऊन पोहोचला. आणि तो नेणाऱ्या हातांचा उल्लेख त्या बैठकीच्या प्रचलित इतिहासात क्वचितच आढळतो.

आता कार्पेंटर यांचे आयव्हिलिक लोकांविषयीचे लेखन या लेखाशेजारी ठेवून पाहावे. १९५९ च्या नवव्या अंकास 'एस्किमो' असे नाव होते (आज त्या लोकांना इन्युइट म्हणण्याचा प्रघात आहे). त्यात कार्पेंटर यांच्या मजकुराबरोबर फ्रेडरिक व्हार्ली यांची रेखाटने आणि रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी जमविलेल्या कोरीव मूर्तींची चित्रे होती. हस्तिदंतासारख्या दातावर कोरलेल्या त्या लहान मूर्तींना बैठक नसते. त्या फडताळात उभ्या करण्यासाठी नसतात, हातात फिरवून पाहण्यासाठी असतात. म्हणून त्यांना पुढची बाजू अशी नाही. कोरणारा प्रथम दाताचा तुकडा हातात फिरवीत त्यात कोण दडले आहे याचा अंदाज घेतो आणि मग त्याला मोकळे करतो, असे कार्पेंटर सांगतात.

सिक्रीतील चौक, ध्रुवप्रदेशातील मूर्ती, कानाला जाणवणारा अवकाश, रेषा नसलेली भाषा: हे चार विषय चार शास्त्रांचे. पण त्या सर्वांतून निघणारा निष्कर्ष एक आहे. एका जागी खिळलेला दृष्टिबिंदू ही पाहण्याची एकमेव रीत नव्हे. ती एका कालखंडाची, आणि बहुधा छापील पानाने घडविलेली सवय आहे. 'एक्स्प्लोरेशन्स'चा हा एकमेव मोठा शोध होय. आणि पहिल्या सहा अंकांचे संपादन त्या शोधाला साजेसेच होते. त्यांनाही एक दृष्टिबिंदू नव्हता. 'पाचामुखी परमेश्वर' ही आपली म्हण पाच तोंडांतून एकच निर्णय निघावा अशा अर्थाने वापरली जाते. येथे पाच मुखांतून पाच गोष्टी निघत होत्या, आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम वाचकावर सोपविले होते.

या नियतकालिकाचे दोष सांगितल्यावाचून त्याचे गुण सांगणे ही टीका होणार नाही, स्तुतिपाठ होईल. पहिला दोष पुराव्याविषयीच्या ढिलाईचा. डोरोथी ली यांचा निबंध मुख्यतः मालिनोव्हस्की यांनी जमविलेल्या सामग्रीवर उभा आहे. एखाद्या भाषेत अमुक शब्द नाही, यावरून त्या भाषिकांना अमुक दिसतच नाही, हे अनुमान किती ताणता येईल, असा प्रश्न संपादकांनी अधिक नेटाने विचारावयास हवा होता. दुसरे उदाहरण त्यांच्याच प्रयोगाचे. लिपी नसलेल्या समाजांच्या भाषांची घडण हा विषय विद्यार्थ्यांच्या चार गटांना चार मार्गांनी दिला गेला: समक्ष व्याख्यान, रेडिओ, टेलिव्हिजन आणि छापील मजकूर. परीक्षेत टेलिव्हिजनचा गट पहिला आला, रेडिओचा दुसरा. व्याख्यान व मुद्रण मागे पडले. पुढे प्रत्येक माध्यमाला त्याची स्वतःची साधने वापरण्याची मोकळीक देऊन प्रयोग पुन्हा केला, तेव्हा रेडिओ टेलिव्हिजनच्याही पुढे गेला. हा उलटापालट निकाल मॅक्लुहन यांनी १९६४ च्या 'अंडरस्टँडिंग मीडिया'त स्वतः नमूद केला आहे. शिक्षकाच्या दृष्टीने यातून एवढेच निघते की, माध्यम बदलले की शिकण्यात फरक पडतो. अर्ध्या तासाच्या माहितीच्या परीक्षेवरून ग्रंथयुग संपले असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रयोग विनयशील होता. त्याचा पुढे झालेला डांगोरा तसा नव्हता.

दुसरा दोष अधिक खोल आहे. कान आधी, डोळा नंतर; मौखिक समाज एकसंध, मुद्रणाने घडलेला समाज तुटक; आणि आता विजेच्या माध्यमांमुळे पुन्हा मौखिकतेकडे परत फेर: अशी एक तीन पायऱ्यांची मांडणी नियतकालिकाच्या उत्तरार्धात पक्की होत गेली. ही मांडणी आपल्या अनुभवाशी ताडून पाहावी. आपल्याकडे पोथी लिहिली जाते ती मोठ्याने वाचली जावी म्हणून. ज्ञानेश्वरीचे पारायण हे वाचन की श्रवण, हे ठरविता येणे कठीण. एकाच घरात एक जण ओवी डोळ्यांनी वाचतो, दहा जण ती कानांनी ऐकतात, आणि त्यांतील पाच जणांना ती मुखोद्गत असते. मुद्रणाने ही रीत मोडली नाही. छापील पोथ्या स्वस्त झाल्या आणि पारायणे वाढली. कान आणि डोळा हे इतिहासाचे दोन कालखंड नसून एकाच माणसाची दोन इंद्रिये आहेत, ही साधी गोष्ट त्या पायऱ्यांत हरवते. नवलाची बाब अशी की, मध्ययुगीन युरोपातील वाचन हेही मोठ्याने होत असे, हे सांगणारे चेटर यांचे विवेचन 'एक्स्प्लोरेशन्स'नेच छापले होते. पुरावा हाताशी होता. पण सिद्धान्ताची घाई झाली.

ही घाई कोणत्या टप्प्यावर सुरू झाली? १९५५ साली चर्चासत्राची मुदत संपली. त्याच वर्षी टिरिट हार्वर्डला गेल्या. सातवा व आठवा हे १९५७ सालचे अंक फोर्डच्या पैशावर नव्हे, तर टोरांटोतील 'टेलिग्राम' या दैनिकाच्या आश्रयाने निघाले आणि त्यांचे संपादन कार्पेंटर व मॅक्लुहन या दोघांकडे राहिले. त्याच वर्षी कार्पेंटर कॅलिफोर्नियात गेले. ऑक्टोबर १९५७ चा आठवा अंक बव्हंशी मॅक्लुहन यांच्या लेखणीचा आहे. हार्ली पार्कर यांनी रंगीत आणि वेड्यावाकड्या अक्षरजुळणीने नटविलेला हा अंक छपाईचा एक चमत्कार म्हणून गाजला. १९६७ साली तो स्वतंत्र पुस्तकरूपाने पुन्हा निघाला. त्यातील छोटी छोटी टिपणे चमकदार आहेत, काही तर पुढील दहा वर्षांच्या चर्चेची बीजे होत. पण या अंकात कोणी कोणाला अडवीत नाही. 'हे कशावरून?' असे विचारणारा मानसशास्त्रज्ञ येथे नाही. 'पण प्रत्यक्ष गावात असे दिसत नाही,' असे म्हणणारी नगररचनाकार येथे नाही. अक्षरे पानावर सर्व दिशांनी धावतात, आवाज मात्र एकाच दिशेने येतो. एका खिळलेल्या दृष्टिबिंदूविरुद्ध बंड करणारे नियतकालिक शेवटी एका दृष्टिबिंदूचे झाले. रंगीत अक्षरांमुळे ते झटकन लक्षात येत नाही इतकेच.

श्रेयाचा प्रश्न येथेच उभा राहतो. 'अकूस्टिक स्पेस' या शीर्षकाचा लेख १९५५ च्या चौथ्या अंकात कार्लटन विल्यम्स यांच्या नावाने आला होता. १९६० साली कार्पेंटर व मॅक्लुहन यांनी 'एक्स्प्लोरेशन्स'मधील निवडक लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात याच शीर्षकाचा लेख आहे, पण तो कार्पेंटर व मॅक्लुहन या दोघांच्या नावावर. आम्ही यात अपहाराचा आरोप करीत नाही. जो विचार पाच जणांच्या वादातून घडला तो पहिल्यांदा विल्यम्स यांच्या एकट्याच्या नावावर छापणे हेही काटेकोर नव्हतेच, आणि पुढील मजकुरास इतरांचा हात लागला असणार. परंतु या बदलातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. वाचकांपर्यंत पोहोचला तो संग्रह, अंक नव्हेत. आणि संग्रहाच्या मुखपृष्ठावर दोन नावे होती, पाच नव्हेत. त्यानंतर १९६२ आणि १९६४ साली मॅक्लुहन यांचे दोन मोठे ग्रंथ आले आणि दोन नावांचेही एक झाले. ज्ञानाची मक्तेदारी साधनाबरोबर येते, असे इनिस यांनी बजावले होते. त्यांच्याच वारसांच्या घरात, अंकाचा संग्रह आणि संग्रहाचा ग्रंथ होताना, ती मक्तेदारी अशी पायरीपायरीने कोणाच्याही दुष्ट हेतूवाचून निर्माण झाली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मॅक्लुहन यांचे धाडस नसते तर 'एक्स्प्लोरेशन्स'चे नाव आज कोण घेते? पाच विद्वानांनी एकमेकांना अडवीत राहावे आणि त्यातून निर्दोष पण निर्जीव पाने निघावीत, हे समित्यांच्या कारभारात आपण नित्य पाहतो. आक्षेपाचा पहिला भाग आम्हांस मान्य आहे. प्रसिद्धी धाडसामुळेच मिळाली. २०१६ साली अंकांचे पुनर्मुद्रण झाले, त्यालाही मॅक्लुहन यांच्या नावाचा आधार होताच. पण दुसरा भाग आम्हांस मान्य नाही. कारण पहिले सहा अंक निर्जीव नाहीत. लीच यांचा कालविषयक निबंध, टिरिट यांची सिक्री, कार्पेंटर यांचे ध्रुवप्रदेशातील अवकाशाचे विवेचन हे सर्व आजही ताजेपणाने वाचता येते. कारण त्यांच्या मागे विचारलेला प्रश्न ऐकू येतो. समितीत निर्जीवता येते ती सभासदांच्या संख्येमुळे नव्हे. प्रत्येकाने दुसऱ्याच्या शास्त्राला हात लावावयाचा नाही, असा मूक करार झाल्यामुळे येते. टोरांटोच्या बैठकीत हा करार नव्हता. वाङ्मयाच्या प्राध्यापकाने मानसशास्त्रात लुडबूड करावी आणि मानसशास्त्रज्ञाने वास्तुकलेत, हा तेथील शिरस्ता होता.

आमच्या अकादमींच्या पत्रिका चालविणारे आणि वाचणारे बहुतेक अध्यापक आहेत, म्हणून या उदाहरणाचा आम्हांस लागू पडणारा भाग शेवटी सांगून टाकतो. आपल्याकडे संपादकाचे दोन प्रकार परिचित आहेत. एक टपालपेटीसारखा: येईल ते स्वीकारतो, शुद्धलेखन तपासतो आणि छापखान्यात धाडतो. दुसरा जहागीरदारासारखा: पत्रिका ही त्याच्या मतांची पेढी असते. पहिल्याच्या हातून चूक होत नाही आणि काही घडतही नाही. दुसऱ्याच्या हातून घडते पुष्कळ, पण त्याच्यानंतर काही उरत नाही. 'एक्स्प्लोरेशन्स'च्या आरंभीच्या अंकांत तिसरा प्रकार दिसतो. हा संपादक दुसऱ्याच्या घरी जाऊन प्रश्न विचारतो, स्वतःच्या घरात दुसऱ्याला प्रश्न विचारू देतो, आणि या दोन्ही भेटींचे टिपण नावानिशी छापतो. मराठी भाषिक जेथे कोकणी, कन्नड, तेलुगू, गुजराती व हिंदी यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिले, तेथे तर अशा संपादकाला विषयांची वाण पडू नये. शेजारच्या भाषेचा वैयाकरण, गावातील जुन्या वाड्यांचा जाणकार, भजनी मंडळाचा चालक आणि साहित्याचा प्राध्यापक यांना एका अंकात एकमेकांची उत्तरे देण्यास लावणे फोर्डच्या अनुदानावाचूनही शक्य आहे.

मात्र 'नावानिशी' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. चर्चेतून निघालेल्या विचाराचे श्रेय ज्याच्या लेखणीला धार अधिक त्याच्या पदरात आपोआप पडते. ते सर्वांना वाटून देणे हे संपादकाचे कर्तव्य आहे, आणि ते अंकातच करावे लागते. तीस-चाळीस वर्षांनी संशोधकांनी उकरून काढलेला न्याय उशिराचा असतो. विल्यम्स पुढे एका विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, टिरिट यांनी १९८३ साली ग्रीसमध्ये देह ठेवला. दोघांनीही या बाबतीत गाजावाजा केल्याचे दिसत नाही. संपादकांचा हा मूकपणा शोभून दिसतो. पण त्यांचा मूकपणा हा आपल्या विस्मरणाचा आधार होऊ नये. 'एक्स्प्लोरेशन्स'चे नऊ अंक पाच जणांच्या सह्यांनिशी सुरू झाले होते, आणि त्यांचे मूल्यमापनही पाच नावे समोर ठेवूनच व्हावयास हवे.